भावाच्या मृत्यूनंतर ‘देव विश्वासू आहे’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत

प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

पुष्कळ दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज धीर करून लिहीत आहे. उत्तर देणाऱ्यांनी माझी समजूत घालण्याचा प्रयत्न करू नये. आपल्याला जे खरे वाटते तेच लिहावे, एवढी विनंती आहे.

आमचे घर अहिल्यानगर जिल्ह्यातले. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसून शास्त्र (बायबल) वाचायचे आणि प्रार्थना करायची, ही आमच्या घरची रीत आहे. वडील होते तोवर ते प्रार्थना चालवीत. ते गेल्यावर माझा धाकटा भाऊ चालवू लागला. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. आई स्वतःचे मूत्रपिंड द्यायला एका पायावर तयार होती, परंतु तपासणीत तिला मधुमेह असल्याचे निघाले आणि डॉक्टरांनी नकार दिला. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, दर शुक्रवारी त्याच्यासाठी उपवास-प्रार्थना ठेवली. ज्यांचे आमच्याशी फारसे बोलणेही नव्हते अशी माणसे त्या दिवशी अन्नाला शिवत नसत, आणि हे ऋण मी कधी विसरणार नाही. गेल्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याचे वय 29 होते.

दफनानंतर भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी आईसमोर असे म्हटले की, प्रार्थनेत कुठेतरी विश्वास कमी पडला असावा. ते वाक्य आईच्या मनात रुतून बसले आहे आणि माझ्याही. उपासनेत ‘देव विश्वासू आहे’ असे सगळे म्हणतात, तेव्हा माझा गळा दाटून येतो आणि मी नुसती उभी राहते. घरी मात्र तशी सोय नाही, कारण प्रार्थना चालवण्याची जबाबदारी आता माझ्यावर आली आहे आणि आई रोज रात्री माझ्या तोंडाकडे पाहत बसते. मी जे बोलते त्यातले अर्धे मला खरे वाटत नाही. हे खोटेपण देवाला आणि आईला, दोघांनाही फसवणारे आहे असे वाटते. देव विश्वासू आहे म्हणजे नेमके काय, आणि मनात शंका असताना प्रार्थना चालवावी की थांबवावी, हे मला विचारायचे आहे.

उत्तर – शब्बाथशाळेत (मंडळीच्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गात) शिकवणारी एक निवृत्त शिक्षिका

ताई, प्रथम त्या गृहस्थांच्या वाक्याविषयी, कारण ते आईंच्या मनातून काढणे सर्वांत निकडीचे आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः प्रार्थना केली की, हा प्याला माझ्यापासून दूर व्हावा. तो दूर झाला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (एक चिवट पीडा) निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. या दोघांचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस ते गृहस्थ करतील काय? उपवास करणाऱ्या त्या सगळ्या माणसांच्या प्रेमाचे मोजमाप एका मृत्यूवरून करण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. आईंना हे माझ्या नावाने सांगा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. आपण मराठीत ‘विश्वासूपणा’ म्हणतो, त्यामागचा हिब्रू शब्द ‘एमुना’ असा आहे. हा शब्द शास्त्रात अगदी आरंभी जिथे भेटतो, त्यांपैकी एक जागा निर्गम या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात आहे आणि ती मला फार जवळची वाटते. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात वर असले की इस्राएलाची सरशी होते आणि खाली आले की शत्रूची. मोशेचे हात जड होतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात, दोन बाजूंनी त्याचे हात धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. ‘स्थिर’ या अर्थी तिथे जो मूळ शब्द आहे, तो हाच ‘एमुना’. म्हणजे न ढळणे, भार पडला तरी टिकून राहणे, हा त्या शब्दाचा गाभा आहे. मागितलेली वस्तू हातात पडणे हा त्याचा अर्थ नाही. आपण मात्र उपासनेत साक्ष देताना ‘नोकरी लागली, देव विश्वासू आहे, शस्त्रक्रिया पार पडली, देव विश्वासू आहे’ असे इतक्यांदा म्हणतो की, ज्याची नोकरी गेली आणि ज्याचा रुग्ण दगावला, त्याला साक्ष देण्यासाठी शब्दच उरत नाही. ही आपल्या मंडळ्यांची चूक आहे असे मला मनापासून वाटते, आणि ती चूक मीही पुष्कळ वर्षे केली आहे.

दुसरे, स्तोत्रसंहितेतले 89 वे स्तोत्र काढून सावकाश वाचा. देवाच्या विश्वासूपणाचे हेच खरे स्तोत्र आहे. त्यात ‘एमुना’ हा शब्द सात वेळा येतो. पहिल्या 37 ओव्या स्तुतीच्या आहेत: दावीदाशी केलेला करार, तो कधीही न मोडण्याची शपथ, आणि आकाशातल्या चंद्रासारखे कायम टिकणारे राजासन. पुढे 38 व्या ओवीपासून सगळे उलटते. तू टाकून दिलेस, तू करार तुच्छ मानलास, तू राजमुकुट धुळीत मिळवलास, असे स्तोत्रकर्ता देवाला तोंडावर सांगतो. सातव्यांदा तो शब्द येतो तो 49 व्या ओवीत, आणि तिथे तो प्रश्नाच्या पोटात आहे: प्रभू, तू आपल्या विश्वासूपणाने दावीदाशी शपथ वाहिलीस, ती तुझी पूर्वीची वात्सल्ये कुठे गेली? त्याला उत्तर मिळत नाही. शेवटच्या ओवीतला धन्यवाद हा स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाचा समारोप मानला जातो. म्हणजे स्तोत्रकर्त्याचा प्रश्न तसाच उघडा राहतो. तो उघडा प्रश्न आपल्या पूर्वजांनी देवाच्या ग्रंथात राहू दिला आणि उपासनेत गायला.

याच्याच आधीचे 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. मुळात त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. त्यात एकही दिलासा नाही. तरीही आरंभी तो माणूस देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ म्हणून हाक मारतो, आणि रात्रंदिवस त्याच्याचपुढे ओरडतो. शंका देवाविषयी चार माणसांत बोलणे निराळे आणि ती देवालाच बोलून दाखवणे निराळे. दुसऱ्या प्रकारची शंका ही प्रार्थनाच आहे, असे मी मानते.

उत्तर – मंडळीतील एक वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ)

बहिणीला सलाम. वरील शिक्षिकाबाईंनी शास्त्रातून जे दाखवले आहे ते योग्यच आहे. तरी एक गोष्ट मला काळजीने सांगावीशी वाटते.

माझी पत्नी गेली तेव्हा मी सात-आठ महिने उपासनेला गेलो नाही. मन तयार झाले की जाऊ, असे स्वतःशी म्हणत राहिलो, आणि एकटे बसून मन तयार होत नाही हे मला उशिरा कळले. थोमाचे उदाहरण घ्या. पुनरुत्थित प्रभू शिष्यांना पहिल्यांदा भेटला, तेव्हा थोमा तिथे नव्हता. इतरांचे सांगणे त्याने साफ नाकारले, आणि खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्यावाचून विश्वास ठेवणार नाही असे म्हणाला. परंतु आठ दिवसांनी योहान लिहितो की, शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमाही त्यांच्याबरोबर होता. ते आठ दिवस तो न मानणारा माणूस मानणाऱ्यांच्या सोबत राहिला, आणि त्यांनीही त्याला बाहेर काढले नाही. प्रभूने त्याला गाठले ते तिथेच.

म्हणून घरची प्रार्थना थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मन लागत नसेल तर लहान करा, परंतु दिवा विझू देऊ नका. उपासनेत गाणे जमत नसेल तर गाऊ नका, बाकावर बसा. तुमच्या वाटचे आम्ही गाऊ.

उत्तर – केडगावशी नाते असलेला एक वाचक

माझी आजी दौंड तालुक्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, त्यामुळे पंडिता रमाबाईंच्या आठवणी आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या असाव्यात तशा सांगितल्या जात. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला त्यांचीच आठवण झाली. त्यांच्या कामाची थोरवी सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही, त्यांच्या शंकांविषयी लिहावे असे वाटते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. घरदार सुटल्यावर ते कुटुंबासह तीर्थक्षेत्रे फिरत, पुराणे सांगत आणि मिळेल त्यावर निर्वाह करीत. 1870 च्या दशकातील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. पायी देशभर फिरत ते 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव झाला, आणि 1880 मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला, 1881 मध्ये मुलगी मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या.

त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे ही गोष्ट बहुधा इथे संपवली जाते, जणू बाप्तिस्मा झाला आणि प्रश्न मिटले. वस्तुस्थिती फार वेगळी होती. तिथल्या मठातल्या भगिनींना आणि शिक्षिकांना त्यांनी लिहिलेली पत्रे प्रश्नांनी भरलेली आहेत: त्रैक्याविषयी (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयी), ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी, आणि आपल्याला न पटलेली शिकवण केवळ वडीलधारे सांगतात म्हणून का मानावी, याविषयी. त्यांना हट्टी ठरवले गेले, तरी त्यांनी पटल्यावाचून मान हलवली नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडलेला नाही. ही आठ वर्षे रिकामी नव्हती. याच काळात त्या अमेरिकेला जाऊन आल्या आणि 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. विधवा मुलींना पोटाशी धरणारी ही बाई मनातल्या प्रश्नांची उत्तरे मिळण्याची वाट पाहत थांबली नव्हती.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. आई-वडिलांना अन्नावाचून मरताना पाहिलेली मुलगी वीस वर्षांनी दुष्काळातल्या पोरींना वाचवायला गेली. आई-वडील का गेले, याचे हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. 1921 मध्ये मनोरमाही त्यांच्याआधी गेली. आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे स्वतःचे निधन झाले, तोवर त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून शास्त्र सोप्या मराठीत आणण्याच्या कामात गढलेल्या होत्या. तुम्ही देवाच्या विश्वासूपणाविषयी विचारता, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही बाई येते: सगळी माणसे एकेक करून हातातून गेलेली, आणि तरीही ज्या देवाने ती नेऊ दिली त्याचाच शब्द ओळ-ओळ लावीत बसलेली. हे बळ तिचे एकटीचे होते, असे मला कधी वाटले नाही.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

सर्वांचे मनापासून आभार. काकांचे ‘तुमच्या वाटचे आम्ही गाऊ’ हे वाक्य वाचून मी पुष्कळ दिवसांनी रडले.

रमाबाईंविषयी एक गोष्ट मात्र बोलावीशी वाटते. त्या मोठ्या होत्या. त्यांच्या दुःखातून शेकडो मुलींचे घर उभे राहिले. माझ्या भावाच्या जाण्यातून काहीही उभे राहिलेले नाही आणि बहुधा राहणारही नाही. एक तरुण माणूस गेला, एक खोली रिकामी झाली, एवढेच झाले. ज्याच्या दुःखाला असे फळ येत नाही, त्याच्यासाठीही देव विश्वासू असतो काय?

उत्तर – वारकरी घरातील एक मैत्रीण

मी ख्रिस्ती नाही. माझ्या माहेरी पंढरीची वारी आहे. इथे बोलावे की नाही, असा संकोच वाटत होता, परंतु ताईंचा शेवटचा प्रश्न वाचून राहवले नाही.

आमच्याकडे तुकोबांच्या घरी 1630 च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेला, धंदा बुडाला, लोकांत पत राहिली नाही. गाथेत अभंगांच्या गोड चालींखाली जे दडले आहे ते आम्ही पुष्कळदा ऐकतच नाही. माझ्या लेखी देव मेला, असे तुकोबांनी एका अभंगात उघड म्हटले आहे. माझे आजोबा तो अभंग म्हणत, आणि म्हणून झाल्यावर नेहमीसारखीच विठोबाच्या तसबिरीला तुळस वाहत. मला लहानपणी याचे आश्चर्य वाटे. आज असे वाटते की, ज्याच्याशी नाते तुटले आहे त्याच्यावर कोणी इतके रागावत नाही. तुमचे कवी ना. वा. टिळक हे तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, हे मी वाचले आहे. त्या पुलावर तुकोबांचे हे रागावणेही पडलेले असणारच.

तुमच्या भावाच्या जाण्यातून काही उभे राहिले पाहिजे, हे ओझे तुम्ही घेऊ नका. तो तुमचा भाऊ होता, एवढे त्याच्यासाठी रडायला पुरेसे आहे.

उत्तर – शब्बाथशाळेची शिक्षिका

या ताईंनी जे लिहिले ते माझ्या मनातले आहे, म्हणून त्यावर अधिक काही लिहीत नाही. फक्त बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाविषयी सांगते, कारण तुमचा प्रश्न मला तिथे सापडतो.

देवाची दया दर सकाळी नवी होते आणि त्याचा विश्वासूपणा थोर आहे, ही ओवी आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वाचतो. ती त्या अध्यायाची 22 वी आणि 23 वी ओवी आहे. इ.स.पूर्व 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळल्यानंतर, ढिगाऱ्यात बसलेल्या माणसाचे ते शब्द आहेत. त्या ढिगाऱ्यातून त्याच्या हयातीत काही उभे राहिल्याचे तिथे लिहिलेले नाही. आठव्या ओवीत तो म्हणतो की, मी ओरडतो तरी तो माझी प्रार्थना बाहेरच अडवतो. आपण 23 व्या ओवीवर थांबतो, परंतु तो थांबत नाही. 44 व्या ओवीत तो पुन्हा म्हणतो की, प्रार्थना पलीकडे जाऊ नये म्हणून तू स्वतःला मेघाने झाकून घेतलेस. म्हणजे भरवसा बोलून दाखवल्यानंतरही शंका परत आली, आणि त्याने ती खोडून टाकली नाही. तुम्हाला एखाद्या सकाळी भरवसा वाटला आणि रात्री तो नाहीसा झाला, तर मागची सकाळ खोटी होती असे समजू नका.

ज्याच्या दुःखाला फळ आले नाही त्याच्यासाठी देव विश्वासू आहे काय, याला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र ते मी सिद्ध करून दाखवू शकत नाही. वधस्तंभावर प्रभूने स्वतः ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे 22 वे स्तोत्र तोंडी घेतले, त्या तासाला कोणतेही फळ दिसत नव्हते, आणि पिता त्याच तासालाही पिताच होता. माझा सगळा भरवसा या एका जागी टेकलेला आहे. पौल तीमथ्याला लिहितो की, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो. त्यामुळे तुमची पकड सुटली तरी सर्व काही सुटले, असे होत नाही.

रात्रीच्या प्रार्थनेविषयी माझी सूचना अशी आहे की, काही दिवस स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू नका. आईंना सांगा की, आपण रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचणार आहोत, आणि स्तुतीचे निवडून न घेता 88 व्यापासून आरंभ करा. त्यातले एकही वाक्य तुम्हाला खोटे बोलावे लागणार नाही. शेवटी आईंनी ‘आमेन’ म्हणावे. हा शब्दही ‘एमुना’च्याच धातूचा आहे; तुम्हाला तो म्हणता येईल तेव्हा म्हणा, तोवर त्यांचा पुरे. अहरोन आणि हूर यांनी हात धरले होते म्हणून मोशेची प्रार्थना खोटी ठरली नाही.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

बाईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री 88 वे स्तोत्र वाचले. माझा आवाज मध्येच अडखळला, तरी एकही शब्द गाळावा लागला नाही. आईने ‘आमेन’ म्हटले आणि ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिने विचारले, ‘असंही शास्त्रात लिहिलंय, हे आपल्या बाळाला माहीत होतं का गं?’ मी म्हटले, माहीत असेल, त्याच्या शास्त्रात त्या पानावर पेन्सिलीची खूण आहे. ती खूण मला कालच दिसली होती.

आज 89 वे वाचायचे आहे. ते लांब आहे, म्हणून आज 37 व्या ओवीपर्यंत वाचू आणि उरलेले उद्या, असे मी सुचवले. आई म्हणाली, मध्ये थांबायचे नाही, कितीही वेळ लागला तरी एका बैठकीत शेवटपर्यंत वाचायचे.